गोड्या पाण्याचे दोन ड्रम

माझ्या सासुरवाडीचं पाणी वाळल्यावर दिसतं.

इतर गावांत पाणी ओलं असेपर्यंत दिसतं आणि वाळलं की संपतं. पण मूर्तिजापूर सोडून अकोल्याच्या बाजूला निघालं की जी काळीभोर, सपाट जमीन लागते, तो सगळा खारपाणपट्टा. तिथे बोअरचं पाणी तांब्यात काचेसारखं नितळ, आणि तांब्या वाळला की आतून पांढरा. धुतलेली फरशी वाळली की कुणी चुना सांडून गेल्यासारखी. ह्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाण्याला दाणा वेगळा राहतो, आणि चहात दूध घातलं की ते फाटतं. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा बशीत जे आलं ते मी चावून खाल्लं आणि मेहुणीला म्हणालो, पनीर छान झालंय. (तो चहा होता. ही गोष्ट तिकडे अजून प्रत्येक नव्या जावयाला सांगतात, धीर यावा म्हणून.)

अशा गावात माझ्या साळ्याने, दिनकरने, गाड्या धुण्याचं केंद्र काढलं.

त्याचाही दोष नव्हता. त्या वर्षांत कापसाने मान टाकली होती, सोयाबीन कापसाच्या मागोमाग निघालं होतं, आणि जो येईल तो शेतकऱ्याला जोडधंदा सांगून जायचा. कुणी शेळ्या सांगितल्या, कुणी मधमाश्या. वलगावच्या एका पाहुण्याने इमू पाळले होते. ते इमू येणाऱ्याकडे अशा नजरेने बघायचे की माणूस चहा न घेता उठायचा. दिनकरने सगळ्यांचं ऐकून घेतलं, हमरस्त्याला लागून असलेल्या वावराच्या कोपऱ्यात टिनाचं शेड ठोकलं आणि नागपूरहून एक जुनं यंत्र आणलं. वर पाटी लावली : 'हात न लावता गाडी धुऊन मिळेल.'

यंत्र मात्र बघण्यासारखं होतं. गाडी मध्ये उभी करायची. तिच्यावरून एक लोखंडी कमान रुळावर पुढे-मागे फिरायची. पहिल्या फेरीत पाणी, दुसऱ्या फेरीत फेस, तिसऱ्या फेरीत जोराच्या धारा, मग शेवटची एक हलकी धार, आणि सरतेशेवटी भोंग्यांतून वारा. ना फडका, ना ब्रश, ना माणूस. मी माझी गडद निळी, सेकंडहँड गाडी आत घातली, काचा वर केल्या आणि आतच बसून राहिलो. लहानपणी आई डोक्यावर पाणी ओतायची तेव्हा डोळे उघडे ठेवायला मिळाले नव्हते. ती हौस त्या दिवशी फिटली.

गाडी बाहेर आली तेव्हा चकाकत होती. आम्ही दोघे उन्हात तिच्याकडे बघत उभे राहिलो. आणि मग, संध्याकाळी चांदण्या उगवाव्यात तसे, आधी एक, मग तीन, मग अख्ख्या टपावर पांढरे ठिपके उगवले.

"हेच होऊन राह्यलं भाऊजी," दिनकर म्हणाला. "येते तवा गाडी मळकी असते. जाताना देवी निघाल्यासारकी दिसते."

पांढऱ्या गाडीवाल्यांना फरक पडत नव्हता, पण पांढऱ्या गाडीवाले धुवायलाही क्वचितच यायचे. आणि आता अकोल्याचे शब्बीरसेठ येणार होते. ह्या शब्बीरसेठकडे लग्नाला आणि पुढाऱ्यांना भाड्याने द्यायच्या बारा गाड्या होत्या, बाराही काळ्या. आपल्या भागातली धूळ म्हणजे बारीक कानस. फडक्याने पुसलं की रंगावर रेघा उठतात. तशा रेघा उठून उठून शब्बीरसेठ फडक्याला वैतागले होते. त्यांनी दिनकरला निरोप दिला होता की महिनाभराने एक गाडी घेऊन येतो. हात न लावता धू, हात न लावता वाळव. एकही डाग दिसला नाही तर बाराच्या बारा गाड्या दर आठवड्याला तुझ्याकडे. दिसला तर सलाम.

हे जमलं नाही तर दिनकर यंत्र मोडीत काढणार होता आणि पुण्याकडे एका कंपनीच्या गेटवर उभा राहणार होता. तशी बोलणीही झाली होती. माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो, हे ऐकून दोन दिवस वावरात जाऊन बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, "जाय. अठी वावर अन् मी एकमेकीकडे पाहत बसू."

इतकं सगळं ऐकल्यावर शहाण्या जावयाने काय करावं? हळहळावं, चहा (चावून) घ्यावा आणि निघावं. मी म्हणालो, "काळजी करू नको. मी आहे ना."

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. म्हणजे मुलांनी घाण केलेल्या काचेच्या नळ्या धुतो. पण सासरी लग्न ठरवताना कुणीतरी 'कॉलेजात केमिस्ट्रीले आहे' एवढंच सांगितलं होतं, आणि उरलेलं त्यांनी आपल्या मनाने भरून घेतलं. तेव्हापासून मी तिकडे प्रोफेसर आहे. मी दुरुस्त करणारच होतो. पण आधी लग्न होतं, मग दिवाळसण होता, मग बारसं होतं, आणि मग बावीस वर्षं झाली.

तर प्रोफेसरांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि निदान केलं : वारा कमी पडतो. पाणी गाडीवर वाळतं म्हणून डाग राहतात. वाळायच्या आतच ते उडवून लावलं तर डाग राहायला पाणीच कुठे असणार? (हे अगदी बरोबर होतं. माझी प्रत्येक चूक अगदी बरोबर विचाराने सुरू होते.) मग मोठा वारा कुठून आणायचा? कोठ्यात उफणणीचा पंखा होता. खळ्यावर वारा पडला नाही तर ज्याच्यासमोर धान्य उफणतात तो, माणसाएवढा. आम्ही दोघांनी तो ओढत शेडच्या तोंडाशी आणला, गाडी पुन्हा धुतली आणि ओलीचिंब गाडी समोर येताच मी बटण दाबलं.

तो पंखा गेल्या हंगामापासून सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, ढिगाला टेकून उभा होता. त्याच्या पात्यांत, जाळीत, पोटात जेवढं कुटार मावत होतं तेवढं सगळं एका दमात माझ्या गाडीवर येऊन चिकटलं. पाणी नाहीसं झालं हे खरं. गाडीसुद्धा नाहीशी झाली. शेडमध्ये चार चाकांवर एक गंजी उभी होती.

आम्ही तिच्याकडे बघतो आहोत तोच गोठ्यातली गाय शांतपणे आली आणि डाव्या दारापासून चरायला लागली.

"भाऊजी," दिनकर म्हणाला, "हात न लावता जमलं होतं. आता तोंड न लावता जमवा."

परतीच्या वाटेवर माझी बायको लता शेजारी बसून काचेवर चिकटलेलं कुटार मोजत होती. मूर्तिजापूर येईस्तोवर ते मोजून झालं. मग तिने सहज विचारलं की कॉलेजात तुम्ही त्या नळ्या कशा धुता. घरात माझ्या कामाबद्दल कुणी विचारत नाही, त्यामुळे मी खुशीत येऊन सविस्तर सांगू लागलो : आधी नळाचं पाणी, मग साबण, मग पुन्हा नळाचं पाणी, आणि शेवटी बाटलीतलं ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे वाफ करून थंड केलेलं, त्याची फक्त एक धार. मग नळी उलटी करून ठेवायची.

"शेवटची धार येगळ्या पाण्याची काहून?"

"काहून म्हणजे? नाहीतर काचेवर पांढरे डा..."

मी ब्रेक दाबला. गाडी शकुंतलेच्या रुळांवर उभी राहिली. (घाबरण्यासारखं काही नव्हतं. ती छोटी रेल्वे आज येणार की उद्या, हे तिचं तिलाही ठरलेलं नसायचं.) बावीस वर्षं मी रोज दीडशे नळ्यांना ती शेवटची धार देत होतो, आणि एकदाही माझ्या डोक्यात 'काहून' आलं नव्हतं. लताच्या डोक्यात मूर्तिजापूरपर्यंत आलं.

"आता घ्या गाडी पुढे," ती म्हणाली, "मांगचा माणूस शिव्या देऊन राह्यला."

घरी आल्यावर मात्र मला झोप लागेना. पाणी जातं आणि डाग राहतो, म्हणजे नेमकं काय होतं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. डाग दिसायला काळी जागा हवी. आमच्या घरात काळी, गुळगुळीत, मोठी जागा एकच : स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. रविवारी सकाळी मी तो रिकामा केला आणि त्यावर ओळीने नऊ थेंब ठेवले. सासुरवाडीचं बोअर, आमच्या सोसायटीचं बोअर, नळ, शेजाऱ्यांच्या विहिरीचं, फिल्टर प्लँटवरच्या जारचं, बॅटरीत घालायचं, उकळून गार केलेलं, फ्रिजच्या मागच्या ट्रेमधलं, आणि नववं सेमाडोहच्या ओढ्याचं, जे आमचे शेजारी वाघ बघायला गेले असताना बाटलीतून आणलेलं होतं. (वाघ दिसला नाही म्हणून पाणी आणलं.) प्रत्येक थेंबाखाली खडूने नाव लिहिलं आणि खुर्ची ओढून बसलो.

थेंब वाळताना कधी बघितलाय तुम्ही? मीही नव्हता बघितला. मला वाटायचं तो सगळीकडून सारखा लहान होत जात असेल. तसं नाही. त्याचा काठ जिथल्या तिथे रुतून बसतो, पोट खपाटीला जात राहतं, आणि आतलं सगळं हळूहळू काठाकडे सरकतं. शेवटी पाणी निघून जातं आणि काठावर खाराचं कडं राहतं. पंगत उठून जाते आणि मांडवाच्या कडेला खरकट्या पत्रावळी राहतात ना, तसं. मी भिंग लावून बघत होतो. बोअरच्या थेंबाला बांगडीएवढं जाड कडं. नळाच्या थेंबाला नथीच्या तारेएवढं. उकळलेल्याला तेवढंच, उकळून काही उपयोग नाही. आणि बॅटरीच्या पाण्याच्या जागी काहीच नाही. जारच्या जागीही जवळपास काहीच नाही. तिथे थेंब होता हे फक्त खडूमुळे कळत होतं.

ह्या शोधाला साडेचार तास लागले. तेवढा वेळ लता गॅलरीत स्टोव्हवर पिठलं करत होती. समोरच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, ओट्यापाशी भिंग घेऊन बसलेल्या मला त्यांनी पाहिलं आणि हळूच तिला विचारलं, "यांचं काही हरवलं का?" लता म्हणाली, "हो. बरेच वर्षं झाले."

असो. शास्त्र सिद्ध झालं होतं. सगळी गाडी खुशाल खाऱ्या पाण्याने धुवा. फक्त शेवटची धार गोड्या पाण्याची द्या. मग वाळताना मागे राहायला काही उरतच नाही. मी दिनकरला फोन करून सांगितलं. त्याने शेवटच्या धारेची नळी यंत्रापासून वेगळी काढली, छोटा पंप लावला आणि ती थेट ड्रममध्ये सोडायची सोय केली. पाणी मी अमरावतीहून आणणार होतो, फिल्टर प्लँटवरून, दोन निळे ड्रम भरून. लताने विचारलं की मूर्तिजापुरात फिल्टर प्लँट नाही का. आहे. पण चाचणी ह्याच पाण्याची झाली आहे, असं मी तिला सांगितलं, आणि साठ किलोमीटर पाणी वाहून नेलं.

शब्बीरसेठ यायच्या दिवशी सकाळी आठलाच आम्ही पोचलो. टेम्पोतून ड्रम उतरवून ओसरीला लावले. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या, झाकण उघडून आत बघितलं, आणि ओंजळभर पाणी घेऊन प्यायल्या. मग विचारलं, "जावईबापू, हे एवढं गोडं पानी कायच्यासाठी?"

मी सांगितलं. सविस्तर सांगितलं. थेंब, काठ, कडं, पत्रावळी, सगळं. मामींनी मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि मी समाधानाने शेडकडे गेलो. (बावीस वर्षं मुलांसमोर नळ्या धुतोय, पण मन लावून ऐकणारा आणि मनात दुसरंच ठरवणारा चेहरा मला अजून ओळखता येत नाही.)

शेडमध्ये आम्ही दोन तास खपलो. कमानीच्या तोट्या पिनेने साफ केल्या. भोंग्यांची तोंडं तिरपी केली, म्हणजे वारा टपावरून खाली पाणी रेटत नेईल, नुसता थेंब फोडणार नाही. आरशांच्या सांध्यात आणि दाराच्या मुठीत पाणी लपून बसतं आणि मागाहून ओघळतं, म्हणून तिथे कमान जरा रेंगाळेल अशी सोय केली. मधे चहा आला. सुरेख चहा होता, एकजीव, तांबूस. मी दिनकरला म्हणालो, तुझ्या आईचा हात आता चहाला छान बसलाय. दिनकर म्हणाला, "हो न, आज फाटला नाई." आणि आम्ही दोघे पुन्हा तोट्यांकडे वळलो.

शब्बीरसेठ अकराला आले. साठीचे, पांढरी दाढी, पांढरा कुर्ता, आणि मागे एवढी काळी गाडी की तिच्यात शेड, रस्ता, निंबाचं झाड आणि माझी भीती सगळं दिसत होतं. धुळीचा थर सोडला तर नवीकोरी. ड्रम ओसरीवरून शेडमध्ये ढकलून आणले, नळी सोडली, दिनकरने यंत्राला नमस्कार केला आणि कळ दाबली.

पाणी, फेस, धारा. मग शेवटची हलकी धार, माझी. ड्रममधलं पाणी पातळ पडद्यासारखं बॉनेटवरून घसरत गेलं. भोंगे घोंघावले. थेंब सैरावैरा पळाले. गाडी उन्हात आली. मी हाताची घडी घालून, अगदी प्रोफेसर जसे उभे राहतात तसा उभा राहिलो.

आधी एक. मग तीन.

मग मी मोजणं सोडून दिलं. बॉनेट, टप, चारही दारं : कुणी रांगोळीची चाळणी धरून गाडीवरून चालत गेलं असावं. दिनकर गाडीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडेही बघत नव्हता. तो रस्त्याकडे बघत होता, पुण्याच्या बाजूला.

शब्बीरसेठ काही वाईट बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "चलो, कोशिश तो की भाऊ तुमने," आणि किल्ली मागितली. पण मामी ओसरीत उभ्या होत्या. दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, हा त्या घरचा कायदा. सेठ नको नको म्हणत बसले. मला त्यांच्या शेजारी पाट मिळाला. जेवणात लक्ष नव्हतं, पण वरण असं काही झालं होतं की हात थांबेना. पिवळंधमक, साईसारखं, वर लसणाची फोडणी. दुःखात माणसाला भूक जास्त लागते असं म्हणतात. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

शब्बीरसेठनी पहिलाच घास घेतला आणि थांबले. वाटीत बोट फिरवलं. पुन्हा चाटून बघितलं.

"आई," ते मामींना म्हणाले, "माझं आजोळ दर्यापूरकडचं. खारपाणातलंच. या पान्यात तुरीची दाय अशी शिजते काय?"

मामी म्हणाल्या, "या पान्यात कशी शिजीन बाप्पा?"

"मग?"

"मग काय. जावयानं आनलं न गोडं पानी. दोन ड्रम."

तिसऱ्या वाटीतला घास माझ्या तोंडात होता आणि तो आता मला ओळखीचा वाटायला लागला. मी तसाच, उष्ट्या हाताने उठलो, शेडमध्ये धावलो, डाव्या हाताने ड्रममधलं पाणी तोंडात घेतलं. खारट. अस्सल, घरचं, बोअरचं खारट.

मामींनी काहीच लपवलं नाही. लपवण्यासारखं काही घडलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. गोडं पाणी दारात आल्यावर गल्लीला सांगायचं नाही हे त्या गावात पाप. शेजारणी आल्या, कुणी हंडा भरला, कुणी कळशी. बाळंतिणीच्या घरी आधी दिलं. मग चहाचं काढलं, डाळीचं काढलं. दोन्ही ड्रम तळाला गेले. आणि शुभ कामाच्या दिवशी दारात रिकामं भांडं कसं ठेवणार? म्हणून त्यांनी बोअर सुरू करून दोन्ही ड्रम काठोकाठ भरून ठेवले होते. वर हळदकुंकूही लावलं होतं. (ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, विज्ञानाचा आदर.)

"आई, ते गाडीसाठी होतं वं," दिनकर कसाबसा म्हणाला.

"गाडीले कायचं गोडं अन् खारं?" मामी म्हणाल्या. "ते काय पेते?"

आधी शब्बीरसेठ हसले. मग इतके हसले की लताने त्यांना पाणी दिलं (गोडं). डोळे पुसत ते म्हणाले की खारपाणात राहून गोडं पाणी गाडीवर ओतणारा माणूस आपण जन्मात पहिल्यांदा बघतोय, आणि आई बोलल्या ते शंभर टक्के खरं आहे. "माझी अम्मी असती तं तिनं बी दायच शिजवली असती."

लता तोवर आत गेली होती. बाहेर आली ती कमरेवर पितळेचा गुंड, म्हणजे छोटी घागर, घेऊन. संध्याकाळच्या चहासाठी मामींनी एक गुंड बाजूला ठेवला होता. तिने तो दिनकरसमोर ठेवला आणि म्हणाली, "अख्खी गाडी नाई होनार. नुसतं बॉनेट होईल काय?"

मामींनी त्या गुंडाकडे बघितलं. मग लेकाकडे. चहाचं पाणी आणि लेक, दोन्ही एकदम ठेवता येत नव्हतं. "ने," त्या म्हणाल्या. "मी पेईन फाटलेला."

दिनकरने बॉनेट पुन्हा एकदा धुतलं, आणि मग गुंड दोन्ही हातांनी धरून काचेच्या कडेपासून पाण्याची एक सलग धार हळूहळू खाली सोडली. भोंगा चालू केला. पाणी पडदा सरकावा तसं सरकलं. गाडी पुन्हा उन्हात. आम्ही सगळे जेवणावरून उठून भोवती उभे राहिलो. मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. टपावर ठिपके, दारांवर ठिपके, आणि मध्ये बॉनेट म्हणजे विहिरीचा तळ दिसावा तसं काळं, खोल, स्वच्छ. शब्बीरसेठ वाकले. त्यात त्यांची दाढी दिसली, केसन् केस.

"प्रोफेसर," ते सरळ होत म्हणाले, "इल्म सही है तुमारा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला त्या नावाने हाक मारली आणि ती मला शोभली. माझा ऊर भरून आला. आता प्रोफेसरने काहीतरी करून दाखवायला हवं होतं. मी पुढे झालो, "बघा, एक तरी डाग लागतो का हाताला?" असं म्हणालो, आणि त्या आरशासारख्या बॉनेटवरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, उजव्या हाताची चारही बोटं फिरवली.

उजवा हात. ज्या हाताने मी तीनदा वरण घेतलं होतं तो.

चार पिवळ्या रेघा. हळद, तेल, आणि शेवटच्या रेघेच्या टोकाला लसणाची एक पाकळी.

शब्बीरसेठनी एकदा त्या पाकळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग दिनकरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला शेडच्या कोपऱ्यात नेलं. तिथे काय बोलणं झालं ते मला दिनकरने मागाहून सांगितलं. बाराही गाड्या मिळाल्या. पाणी गोडं करायचं यंत्र बसवायचं, त्यातलं पाणी आधी गल्लीला आणि मग गाड्यांना, हे खुद्द सेठनीच ठरवलं. आणि एक अट होती, फक्त एक, गाड्या ज्या दिवशी येतील त्या दिवसापुरती.

आता दिनकर पुण्याला जात नाही. रविवारी सकाळी बारा काळ्या गाड्या येतात आणि दुपारी बारा आरसे परत जातात. मी ते रस्त्याच्या पलीकडून, निंबाखाली खुर्ची टाकून बघतो. तिथपर्यंत मला परवानगी आहे. शास्त्र माझंच आहे, हे सगळे मान्य करतात. पण अख्ख्या वऱ्हाडात सासरी ज्याला वरण-भात चमच्याने खावा लागतो, असा जावईही मी एकटाच आहे.